पाय भारी झाले म्हणून सांग

सुनंदा,

परवा तुझ्या घरावरून गेले तेव्हा दाराच्या चौकटीत नवा खिळा दिसला. उंबऱ्याच्या डाव्या अंगाला, चांगला बोटभर लांब. तुझ्या सासूने, गिरजाबाईने, तो लोहाराकडून मुद्दाम करून आणला म्हणे. आणि नाल्याकाठच्या मसणवट्यापासून तुमच्या अंगणापर्यंत मोहरी सांडलेली. आधी वाटलं, कोणाची तरी पुडी फुटली असेल. मग अंगणवाडीच्या बाईंनी समजावून सांगितलं. पोटुशी बाई गेली की ती परत येते, वाटेत मोहरी दिसली की एकेक दाणा वेचत बसते आणि तेवढ्यात उजाडतं. जिवंत होतीस तोवर कापूस वेचलास, आता मोहरी वेच. या गावात वेचण्यातून काही तुझी सुटका नाही. एवढा संताप आला की मी चपलेने ते दाणे मातीत सारवले. दहा पावलं पुढे गेले आणि मागे वळून पाहिलं. का पाहिलं ते विचारू नकोस.

तुझ्या तेरवीला मी आले नाही. पंगतीत बसायची हिंमतच झाली नाही. उपकेंद्राचं दार लावून रजिस्टर उघडून बसले आणि एक रकाना भरू शकले नाही. म्हणून हे लिहिते आहे. ‘सिस्टर, तुमी बाईकडं कमी आन कागदाकडं जास्त पाह्यता,’ हे तूच मला ऐकवलं होतंस. बघ, अजून सुधारले नाही.

बाया म्हणतात, तू दिसतेस. विहिरीच्या वाटेला, तुरीच्या ओळीत, भर दुपारी. आणि तुझे पाय उलटे आहेत म्हणे, टाचा पुढे. हे सांगणारीला मी असं फैलावर घेतलं की ती गोळ्या न घेताच पळाली. अगं, ते पाय मी मांडीवर घेऊन बसले होते. उलटे नव्हते. सुजले होते.

पहिल्यांदा तुमच्या अंगणात आले तो दिवस आठवतो? नवीन बदली होऊन आलेली नर्स, कडक इस्त्रीची पांढरी साडी, खांद्याला पिशवी. यवतमाळच्या कारकुनाची मुलगी मी. आमच्या घरी कोणी ‘मले-तुले’ बोललं की बाबा ताटावरून उठवायचे, त्यामुळे माझी भाषा एकदम पुस्तकी. तुझा सासरा खाटेवर बसलेला, दीर बैल सोडत होता, आणि मी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, ‘आपण गरोदर आहात का?’ तू पदर तोंडाशी घेतलास आणि सरळ आत निघून गेलीस. मला वाटलं, काय उर्मट बाई आहे. मी बाहेर पडले तर तू गोठ्यामागून वाट काढून माझ्या आडवी आलीस.

‘सिस्टर, असं कागदावानी काहून बोलता? गरोदर म्हनलं का बाईले वाटते, आता सुई टोचते. पाय भारी हायेत काय, असं इचारत जा. आन मानसांसमोर नोका इचारू.’

‘तुमचे आहेत का?’ मी विचारलं.

‘हायेत. चौथा हाये. पाचवा लागल्याबिगर कोनाले सांगू नोका.’

मी रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं: पाय भारी. तो शब्द घेऊन मी घरोघर फिरले. म्हाताऱ्या हसायच्या, सुना लाजायच्या, पण बोलायच्या. पुढे मीसुद्धा ‘काहून वो माय’ म्हणायला लागले. केवढा अभिमान वाटायचा मला! सगळ्या उपकेंद्रांच्या सिस्टर जमल्या की मी शहाणपणा मिरवायची, की बाई बोलती करायची असेल तर तिच्या तोंडचा शब्द उचला. तो शब्द तू दिला होतास हे मात्र मी कधी कोणाला सांगितलं नाही.

मग डॉक्टरसाहेब कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले आणि बैठकीचं निघालं. गरोदर बायांना एकेकटं तपासायचं नाही. पंधरवड्यातून एकदा दोन तास सगळ्यांना गोल बसवायचं. त्यांनीच एकमेकींचं वजन करायचं, पोटावर टेप लावायची, एकमेकींचे पाय दाबून बघायचे, जे मनात असेल ते विचारायचं. मी फक्त मध्ये बसायचं. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, ‘पोटवाल्यायची सभा’. मी देवळाच्या सभामंडपात ठेवते म्हणाले तर तू म्हणालीस, अर्ध्या येणार नाहीत. मग विहारात ठेवू म्हणाले, तर म्हणालीस, उरलेल्या अर्ध्या येणार नाहीत. म्हणून अंगणवाडीची खोली ठरली.

पहिल्या बैठकीला चार जणी आल्या. गावात तेव्हा माझ्या नोंदीत चौदा पोटं होती. मी तणतणत तुझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘अडाणी आहेत मेल्या.’ तू सुपातले तूरडाळीचे खडे निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘बाया नाई अडाणी. तुमचा टाइम अडाणी हाये. वेचाच्या दिवसात बारा वाजता कोन बाई वावर सोडून येईन? पराटीत बाई नाई गेली तं त्या दिवशी चूल नाई पेटत.’ मग तूच सांगितलंस की घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी वेचणी बंद असते. बैठक त्या दिवशी ठेवली आणि नऊ आल्या.

त्या नऊ जणी का आल्या यावरून आपलं केवढं वाजलं होतं. मी म्हणत होते, त्यांना माहिती हवी आहे, त्यांना आरोग्याचं महत्त्व कळलं आहे. तू पोट धरून हसलीस. ‘सिस्टर, बाई पाय पसरून कुठं बसते सांगा बरं? घरी सासरा, वावरात मालक. पोट एवढं मोठं झालं तरी पाय दुमडूनच. तुमच्याकडं दोन तास पाय पसरून बसाले भेटते. म्हनून येतात.’ मला तेव्हा अपमान झाल्यासारखं वाटलं. पुढच्या बैठकीत मुद्दाम पाहिलं. खरंच सगळ्या भिंतीला टेकून पाय लांब करून बसल्या होत्या, भेगाळलेल्या टाचा, त्यावर कापसाच्या पराटीचे ओरखडे. त्यात तू. कुणाच्या पोटावर टेप लावत होतीस, कुणाच्या पाठीत तेल चोळत होतीस. तुझ्याएवढी त्या खोलीत कोणी हसली नसेल.

आणि मग अचानक बाया गळू लागल्या. आधी तुझी शेजारीण कांता. तुझ्यापेक्षा लहान, पहिलटकरीण, जिभेला हाड नसलेली. मग तिच्यामागून दोघी. पुढच्या वेळी पुन्हा चार. मी घरोघर गेले. कोणाला डोकं दुखतंय, कोणाच्या घरी पाहुणे. कांताच्या सासूने तर मला दारातूनच वाटेला लावलं. कोणी काही बोलेना. शेवटी हातपंपावर तूच मला गाठलंस आणि बादली खाली ठेवून म्हणालीस, ‘माह्यामुळं हाये ते.’

मला माहीत होतं तुझी दोन मुलं गेली म्हणून. एक पोटातच, एक तिसऱ्या दिवशी. माझ्या रजिस्टरात ती दोन आकड्यांत होती. गावाच्या डोक्यात ती वेगळी होती. जिची मुलं जगत नाहीत तिच्या मांडीला मांडी लावून पोटुशीने बसू नये, तिचा हात पोटाला लागू नये. आणि मी काय केलं होतं? तुझ्याच हातात टेप दिली होती. कांताच्या पोटाला पहिला हात तुझा लागला होता. ती घरी जाऊन कौतुकाने बोलली आणि सासूने तिला त्याच पावली न्हाऊ घातलं.

मी पेटलेच. म्हणाले, ‘चल, आत्ता जाऊन सांगते त्या म्हातारीला.’

‘सांगून भेव जाते काय?’ तू म्हणालीस. ‘मले बी भेव लागते, सिस्टर. मी कांताच्या जागी असती तं मी बी नसती बसली माह्याजवळ.’

मग तू बादली उचललीस, पुन्हा खाली ठेवलीस. ‘मी नाई येत आता बैठकीले. मंग पाहा तुमी, सगळ्या येतीन.’

‘असं कसं? तुला गरज जास्त आहे.’

‘तुमाले अकरा पाह्यजेत का एक?’

सुनंदा, मी उत्तर दिलं नाही. या एका जागी मी रोज जाऊन उभी राहते. तुझ्या बादलीतून हिंदकळलेलं पाणी आपल्या पायांशी पसरत होतं. तुला वाटलं असेल, सिस्टर विचार करत आहेत. विचार कसला, मी मनातल्या मनात अकराचा आकडा लिहीत होते. तू हसलीस आणि म्हणालीस, ‘तुमी घरी येऊन पाहून जात जा मले.’ मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच की माझी मलाच लाज वाटायला हवी होती.

पुढच्या बैठकीला खरोखर अकरा आल्या. कांता सगळ्यांत पुढे. डॉक्टरसाहेब स्वतः आले, खोली गच्च भरलेली पाहून मला म्हणाले, ‘शाबास.’ खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. घरी जाऊन शिरा करून खाल्ला. तुझी जागा, खिडकीखालची, रिकामी होती आणि तिथे कोणी बसत नव्हतं हेही मी पाहिलं होतं. शिरा खाताना ते आठवलं नाही.

महिनाभर मी वचन पाळलं. तुझ्याकडे येताना दोन्ही बाजूंनी पराटी लाल पडत होती. लाल्या पडला म्हणत होते सगळे. यंदा पानं अशी पेटल्यासारखी दिसायची की त्यातून सायकल हाणताना मला नको वाटायचं. तुझ्या घरात तुमची झोपायची खोली अर्धी कापसाने भरलेली. भाव येईपर्यंत ठेवायचा म्हणून छतापर्यंत रचलेला, आणि उरलेल्या जागेत तुझी खाट. फवाऱ्याच्या औषधाचा डबा आढ्याला टांगलेला, त्याचा वास अख्ख्या घराला. मी नाकाला पदर लावला तर म्हणालीस, ‘आमाले आता वासच येत नाई.’ मी तुला खाटेवर आडवी करून पोट पाहिलं. बाळाचे ठोके ऐकू आले. तुला नळी लावून दिली तर डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिलीस.

नाव तुझं ठरलेलंच होतं. उकंडा. मी म्हणाले, उकिरड्यावरून नाव ठेवतेस पोराचं? शाळेत गेल्यावर पोरं जगू देतील का त्याला? तू म्हणालीस, ‘शाळेतले पोट्टे जगू नाई दिले तरी चालते. वरचा जगू देल्ला पाह्यजे.’ जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर एकदा लोळवून आणायचं, म्हणजे मृत्यूला वाटतं हा टाकलेला माल आहे, आणि तो पुढच्या घरी जातो. ‘पुढच्या घरी कोणाकडे?’ मी चिडून विचारलं. ‘पुढचं घर तर कांताचं आहे.’ तू पोटावरचा हात काढून घेतलास. मग हळूच म्हणालीस, ‘मंग नाई लोळवत.’ तो वाद तिथेच राहिला. मी तुला सांगणार होते की नाव ठेव हवं ते, मी स्वतः त्याला शाळेत पोचवीन आणि कोण हसतो ते बघीन. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं.

पुढची खेप झाली नाही. पोलिओचा डोस, मग तालुक्याची सभा, मग अहवाल. रोज संध्याकाळी मनात यायचं, सुनंदाकडे जायचं राहिलं. आणि रोज वाटायचं, ती समजूतदार आहे, ती समजून घेईल. जी भांडते तिच्याकडे आपण पळत जातो आणि जी समजून घेते तिला बसवून ठेवतो. कांताला साधी उचकी लागली तरी ती माझ्या दाराशी येऊन बसायची. तिला मी एकदाही थांबवलं नाही.

आता तो बाजाराचा दिवस. तुला त्या दिवसाचं सगळं सांगितलंच पाहिजे, कारण तुझ्यापर्यंत फक्त अर्धं पोचलं.

त्या दिवशी बैठकीत सुजेचा धडा होता. भिंतीवर तक्ता लावला होता, त्यात सुजलेल्या पायाचं चित्र. मी बायांना शिकवत होते की नडगीवर अंगठा दाबून धरायचा, दहा आकडे मोजायचे, मग उचलायचा. खड्डा पडून तसाच राहिला, डोकं ठणकत असलं, डोळ्यांपुढे चमकत असलं, तर घरी थांबायचं नाही. सगळ्या एकमेकींच्या नडग्या दाबत होत्या, गुदगुल्या होतात म्हणून किंचाळत होत्या. आणि त्या गोंधळात कांता म्हणाली, ‘सिस्टर, सुनंदी सांगत होती, सिस्टरले सांगजो, माहे पाय लय भारी झाले म्हना.’

खोलीत एकच हशा उठला. कोणीतरी म्हणालं, ‘अवो, सात महिन्यानं समजलं काय तिले!’ आणि मी, चित्रातल्या सुजलेल्या पायावर माझी पट्टी टेकलेली, तशीच वळून म्हणाले, ‘तिले सांगजो, ते मले चौथ्यातच मालूम झालं होतं!’

केवढ्या हसल्या सगळ्या. मीही हसले. सिस्टरला आपल्यासारखं बोलता येतं म्हणून त्या हसत होत्या आणि आपल्याला त्यांच्यासारखं बोलता येतं म्हणून मी.

तू सूज म्हणाली असतीस तर मी सायकलवर टांग मारून निघाले असते. पण सूज हा शब्द त्या दिवशी त्या खोलीत शिकवला जात होता आणि तू त्या खोलीत नव्हतीस. तुझ्याकडे जो शब्द होता तो तू पाठवलास. तोच, जो तू मला गोठ्यामागे शिकवला होतास.

कांताने माझं उत्तर तुला सांगितलं. ‘सिस्टर हासल्या,’ असंही सांगितलं. ती म्हणते, तूही हसलीस. म्हणालीस, ‘बरं झालं, सिस्टर हासल्या म्हंजे घाबरासारखं काई नसन.’ सुनंदा, हे ऐकल्यापासून मला माझंच हसू ऐकू येतं. परवा डॉक्टरसाहेबांनी काहीतरी विनोद केला तर मी ओठ घट्ट दाबून उभी राहिले.

त्यानंतर आठव्या दिवशी, ऐन दुपारी. गाव असं रिकामं की कुत्रंसुद्धा नाही, सगळे वेचायला. गिरजाबाई अनवाणी पळत आली. ती नुसते हात झटकून दाखवत होती. मी आले तेव्हा तू कापसाच्या ढिगाला टेकून आडवी पडली होतीस. डोळे वर गेलेले, दात जिभेत रुतलेले, पांढऱ्या कापसावर लाल ठिपके. काळीपिवळी जीप मिळेस्तोवर दुसरा झटका आला. मागच्या बाकावर तुला आडवं घातलं, डोकं गिरजाबाईच्या मांडीवर, पाय माझ्या. तेव्हा मी पाहिले ते पाय. जोडवी मांसात रुतली होती, दिसतसुद्धा नव्हती. मी अंगठा ठेवला. दाबायचीही गरज नव्हती. घाटंजीचा फाटा यायच्या आधीच तू गेलीस आणि तुझा उकंडा तुझ्या पोटातच राहिला. ड्रायव्हरने गाडी थांबवून मला विचारलं, आता कुठं न्यायचं.

गावाने तुझ्या मरणाचं कारण शोधलं आहे. तू बैठकीत बसलीस म्हणून गेलीस. पोटं उघडी टाकली, टेपने मोजली, सगळ्यांसमोर वजनं बोलली, दृष्ट लागली. मला ओरडून सांगावंसं वाटतं की बैठकीत बसली नाही म्हणून गेली. पण ते सांगितलं तर पुढचा प्रश्न येईल, की ती का बसली नाही. मग मला त्यांची नावं घ्यावी लागतील आणि सगळ्यांत आधी माझं.

काल बाजार होता. बैठकीचा दिवस. मी सतरंजी अंथरली, तक्ता लावला, वजनकाटा पुसला. बारा वाजले, एक वाजला. कोणी आलं नाही. खोलीत मी, तो चित्रातला पाय आणि तुझी खिडकीखालची जागा. बाहेर पराट्यांचं लाल रान, त्यावर वारा. खरं सांगते, मला भीती वाटली. तुझी नाही गं. वाटलं, आता ही तेरा पोटं घराघरात बसतील, आणि जिचे पाय भारी होतील ती ते कोणाला सांगणारही नाही.

दीडच्या सुमारास दारात सावली आली. कांता होती. घरात न सांगता आलेली, दम लागलेला, नववा लागत असलेला. आत आली आणि तुझ्या जागेवर जाऊन बसली. मी म्हणाले, ‘तिथं?’ तर म्हणाली, ‘तिथंच.’ मग रडायला लागली. मीही तिला थांबवलं नाही.

‘सिस्टर, तिनं आनखी एक सांगतलं होतं,’ ती म्हणाली. ‘सांगजो, पाय भारी झाले, आन डोयापुढं काजवे चमकून राह्यले. तुमी सगळ्या हासल्या न, तं मी बी हासली. मंग मी भुलूनच गेली.’

तिला मारावं असं क्षणभर वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आठवलं की निरोप मध्येच तोडला तो मी.

कांताने पाय पसरले. साडी गुडघ्यापर्यंत घेतली आणि म्हणाली, ‘मले बी तसंच वाटून राह्यलं दोन दिसांपासून. बुढी म्हन्ते, भरल्या पोटी होतेच असं. दाबून पाहा.’

मी तिच्या नडगीवर अंगठा ठेवला आणि मोजू लागले. दहा म्हणून उचलला. खड्डा तसाच राहिला, माझ्या नखाच्या कडेसकट. बीपीचा पट्टा दोनदा लावला, दोन्ही वेळा मला जे दिसलं ते तिला सांगितलं नाही. तिच्या सासूला विचारायला मी गेले नाही. तिला हाताला धरून वळणावर नेलं, काळीपिवळीत बसवलं, घाटंजीला न थांबता सरळ यवतमाळला नेऊन दवाखान्यात भरती केलं. गाडीभर ती पाय माझ्या मांडीवर टाकून बसली होती. तुझाच तो बाक होता. घाटंजीचा फाटा मागे पडेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

रात्र तिच्या उशाशी काढली. सकाळी तिची आई आली, तिला तिथे बसवून पहिल्या गाडीने मी गावाला परत आले, कारण उरलेल्या बारा जणींच्या दारात मला आजच जायचं होतं. बारा दारं फिरले. प्रत्येकीला एकच विचारलं, ‘पाय भारी हायेत ते मालूम हाये. सुजले हायेत काय?’ सात जणींनी दार उघडलं. पाच जणींनी आतूनच सांगितलं, बरं आहे. त्यांच्याकडे उद्या पुन्हा जाणार आहे.

आता संध्याकाळ झाली आहे. यवतमाळहून कोणीतरी येईल आणि कांताचा निरोप सांगेल. मी उपकेंद्राच्या पायरीवर बसून हे लिहिते आहे, रस्त्याकडे तोंड करून. एक काळीपिवळी येऊन गेली, त्यातून कोणी उतरलं नाही. तुझ्या घराकडून कोणी तरी चालत येतंय असं दोनदा वाटलं. तू असशील तर ये. मोहरी मी सारवून टाकली आहे, तुला वेचायला लागणार नाही. खिडकीखालची जागा तुझी आहे, ये आणि पाय पसरून बस.

दुसरी गाडी आली बघ. वळणावर थांबली. गिरजाबाईच्या वयाची कोणी बाई उतरली आहे आणि माझ्याकडेच येते आहे, तोंड दिसत नाही. ती काय सांगेल ते सांगो, कोणत्याही शब्दात सांगो. या वेळी मी तिला मध्ये तोडणार नाही.